नानांचा पाव फेरा

नाना दर फर्लांगाला सायकलवरून उतरायचे, रस्त्यातच गुडघ्यांवर बसायचे आणि साखळीशी कान नेऊन म्हणायचे, "कायतरी घासता." अनोळखी माणसाला वाटे, गृहस्थ रस्त्याकडेच्या देवाला नमस्कार करताहेत.

नाना पोस्टात कारकून, मी शाळेत मास्तर. आमची अंगणं लागून होती. साठ सालानंतरची गोष्ट. नानांचा भाऊ बोटीवर खलाशी होता. त्यानं कुठल्याशा परदेशी बंदरातून गिअरची सायकल आणली. पायडलापाशी दातेरी चक्रं दोन, एक मोठं, एक लहान. कळ ओढली की पत्र्याचा छोटा पिंजरा साखळीला एकावरून दुसऱ्यावर ढकलायचा. "लहानार घाल, चढण हलकी जाता," एवढं सांगून भाऊ बोटीवर परत गेला. मालवणच्या सायकलवाल्यानं तो पिंजरा बघूनच हात जोडले.

तेव्हापासून नानांची झोप उडाली. पिंजऱ्याला दोन स्क्रू होते. आतला घट्ट केला की साखळी लहान चक्रावर उतरेना. सैल केला की चक्र ओलांडून आत पडे. रविवारी नाना सायकल पडवीच्या वाशाला दोरीनं टांगत. मी पायडल फिरवायचं, त्यांनी स्क्रू पिळायचा. पिंजरा आणि साखळी यांच्यातलं अंतर ते पोस्टकार्ड घालून मोजत.

"मास्तरानू, पाव फेरो दिलंय. जास्त झालो काय?"

"नाही हो."

"आनी साखळी पडली तर? चढणीर पडली तर?"

"पडली तर परत घालायची."

माझ्या असल्या उत्तरानं ते आणखी घाबरत आणि तो पाव फेरा उलटा फिरवत.

पुढे ते कॅरिअरवर तांदळाचं पोतं बांधून फिरू लागले. कॅरिअरवर आधी सावरीच्या कापसाची गादी, तिच्यावर पोतं. खड्डा आला की मागे वळून पोत्याला सांगत, "भिया नको. धरून बस." गावात कुजबुज सुरू झाली. शेवटी मीच विचारलं, की पोतं कुठे पोचवायचं आहे.

नाना बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "हिचा वजन इतक्याच आसा."

वहिनींचे पाय विषमज्वरानंतर अधू झाले होते. त्यांचं माहेर धामापूरच्या वाटेवर, जेमतेम तीन मैल. पण मध्ये चढण. बैलगाडीच्या धक्क्यांनी त्यांची पाठ धरायची. तीन वर्षांत त्यांना आई दिसली नव्हती, आणि आईची तर आता नजर चालली होती.

एका रविवारी सकाळी वहिनींना कॅरिअरवरच्या गादीवर बसवून निघालो. साखळी पडली तर सायकल धरायला कुणीतरी हवं, म्हणून मी बरोबर. चढणीच्या अलीकडे नानांनी पाय हलका करून कळ ओढली. त्यांची मान घामानं भिजली होती. टक् असा आवाज झाला आणि साखळी लहान चक्रावर बसली. मी शेजारून चालत होतो, इतकीच सायकलची गती.

"उतरू काय मी?" वहिनींनी विचारलं.

"नको. बसान रव."

अर्ध्या चढणीवर वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तीन वर्सां ह्येंनी म्हायेराचा नाव काडूक नाय. माका वाटला, इसारले."

मी नानांकडे पाहिलं. ते समोर बघत पायडल मारत होते. जरा वेळानं, दम खात, म्हणाले, "इचारलं असतंय आनी जमला नसता तर?"

वहिनींनी एक हात सोडून पदराच्या टोकानं नानांच्या मानेवरचा घाम टिपला.

पोचलो तेव्हा घरापुढच्या खळ्यात वहिनींची म्हातारी आई खांब धरून उभी होती. "कोण गो?" तिनं विचारलं. वहिनी उतरल्या आणि एकेक पाऊल टाकत तिच्याकडे निघाल्या. म्हातारीनं चाचपत त्यांचा चेहरा ओंजळीत घेतला.

नाना मागेच थांबले. "तुम्ही जावा भुतूर," मला म्हणाले, आणि पाठ वळवून, मुळीच गरज नसताना, सायकलच्या चाकातली हवा तपासू लागले.