दुसरा तुकडा

रविवारी दुपारी अडीच वाजता केकमावशींनी तोच केक एकोणिसाव्यांदा करायला घेतला आणि नवऱ्याला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं.

"आज इथे पाऊल टाकायचं नाही. आणि काही मोजायचं नाही."

"मी पाणी प्यायला आलोय," मोजणीसाहेब म्हणाले. त्यांच्या हातात पेला नव्हता, पाणसळ होती.

पाणसळ म्हणजे ती काचेच्या नळीची पट्टी, जिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आला की वस्तू सपाट आहे असं समजतात. मोजणीसाहेबांनी चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही म्हणून घर मोजायला काढलं. भिंतीवरच्या तसबिरी, पडद्याची दांडी, देवघरातली फळी, कशालाही त्यांनी तिरकं राहू दिलं नव्हतं. केकमावशींचा ओव्हन घरी आला त्या दिवशी त्याचे चारही पाय पिळून पिळून त्यांनी बुडबुडा मध्ये आणला होता आणि मगच प्लग लावू दिला होता.

केकमावशी हे नाव ब्लॉगमुळे पडलं. तीन वर्षांपूर्वी आई गेली. वाटणीत त्यांनी आईची पाककृतींची वही तेवढी मागून घेतली आणि 'आईच्या वहीतून' नावाचा ब्लॉग सुरू केला. वाचक दोनशेच्या वर होते, त्यातले चाळीसएक नात्यातले. वही मोठी मजेदार होती. ओव्हनचं तापमान किती, तर 'बेताचं'. किती वेळ ठेवायचं, तर 'वास येईपर्यंत'. या दोन शब्दांवर केकमावशींनी बिस्किटं, पाव, नानकटाई सगळं साधलं होतं. एक संत्र्याच्या सालीचा केक मात्र काही केल्या साधत नव्हता.

म्हणजे होत उत्तम होता. फुगायचा, मऊ व्हायचा, फोटोत तर इतका देखणा यायचा की लोक फोनच्या पडद्यालाच हात लावत असतील. पण त्याची परीक्षा घेणारे नाना होते. नाना म्हणजे केकमावशींचे वडील. दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहायचे आणि दर रविवारी पाच वाजता चहाला यायचे. केकचा एक तुकडा खायचे, चमचा बशीत आडवा ठेवायचे, रुमालाने ओठ टिपायचे आणि म्हणायचे, "छान झालाय." दवाखान्यातल्या सूपलाही नाना 'छान झालंय' म्हणाले होते.

आईच्या वेळी असं नव्हतं. दोन खोल्यांचं ते घर, रविवारची दुपार, बंद दारातून जिन्यापर्यंत पोचलेला संत्र्याचा वास, आणि पिठाचा चमचा कोणी चाटायचा यावरून भावाशी झालेली मारामारी. मग आतूनच कापून बश्यांत आलेले तुकडे. आणि पाच मिनिटांनी नानांचा आवाज, "अगं, अजून एक दे." एकही रविवार हे वाक्य चुकलं नव्हतं. केकमावशींना ते वाक्य एकदा, एकदाच, आपल्या घरात ऐकायचं होतं.

आणि वेळ थोडाच उरला होता. आज नानांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती आणि येत्या शनिवारी भाऊ त्यांना कायमचं आपल्या गावी न्यायला येणार होता. "एकटे राहतात, बरं दिसत नाही," असं भाऊ म्हणाला. नाना "बरं" म्हणाले. केकमावशींना कोणी विचारलं नाही, आणि त्याही न विचारता बोलल्या नाहीत. त्याचं त्यांना रोज वाईट वाटत होतं.

ब्लॉगवर अठरा प्रयत्नांचं जाहीर वर्णन झालं होतं. वाचकांनी सल्ले देताना हात आखडता घेतला नव्हता. लोणी वितळवा. लोणी वितळवू नका. अंडी वेगवेगळी फेटा. 'दुपारचा चहा' या नावाने लिहिणाऱ्या एका बाईंनी तर कळवलं होतं, "ती आईच्या हाताची चव होती, आता नाद सोडा." केकमावशींनी खाली 'आभारी आहे' असं लिहिलं आणि दोन दिवस घरात भांडी आपटली.

तर, मिश्रण तयार झालं. बेकिंग पावडर पडली. ओव्हन तापायला लावला. एवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. भाऊच होता. शनिवारी गाडीत नानांची आरामखुर्ची मावेल का, हे त्याला आत्ताच ठरवायचं होतं.

मोजणीसाहेब दबकत आत शिरले. गेले आठ दिवस त्यांना उजवीकडच्या पुढच्या पायाचा संशय येत होता. त्यांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा केसभर सरकलेला. बायकोचा केक वडिलांना का आवडत नाही याचं कारण त्यांना तिथल्या तिथे सापडलं. जाड फडकं धरून त्यांनी ओव्हनचा कोपरा उचलला आणि पाय अर्धा फेरा पिळला. उलट्या बाजूला पिळला. पाय निसटला, ओट्यावरून खाली पडला आणि घरंगळत फ्रिजखाली गेला.

मोजणीसाहेबांनी फ्रिज ओढला. आला नाही. दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा तो एकदम इतका आला की दारात आडवा जाऊन रुतला. आत काहीतरी कलंडल्याचा आवाज झाला.

"अहो, काय झालं?" बाहेरून आवाज आला. "दार उघडा!"

"दार उघडंच आहे. मध्ये फ्रिज आहे."

फ्रिजच्या वर केकमावशींचे डोळे आणि कपाळ दिसू लागलं. त्या स्टुलावर चढल्या होत्या.

"तुम्ही पाणी प्यायला गेला होतात ना?"

"ते राहिलंच."

"फ्रिज ढकला."

"चाक फरशीच्या फटीत अडकलंय. वेळ लागेल."

"वेळ नाहीये! पीठ तयार आहे. आत्ता ओव्हनमध्ये गेलं नाही तर केक बसेल. तुम्ही ठेवा."

मोजणीसाहेबांनी ओव्हनकडे पाहिलं. "अगं, पण तो तिरका आहे."

"किती?"

"तीन पायांवर आहे."

"मग चौथ्याखाली काहीतरी घाला!"

त्यांनी मिठाची बरणी घातली, ती उंच झाली. काडेपेटी घातली, ती चेपली. शेवटी चौतीस वर्षं सरळ रेषेवर जगलेल्या त्या माणसाने डोळे मिटून भांडं तिरक्या ओव्हनमध्ये सरकवलं आणि दार लावलं. पीठ हळूहळू एका बाजूला गोळा होताना पाहणं त्यांना सोसवेना, म्हणून ते फ्रिजकडे तोंड करून बसले.

पुढचा पाऊण तास दोघांनी दोन बाजूंनी फ्रिजशी झटापट केली. मध्येच केकमावशींनी हवा हुंगली.

"बघा जरा. रंग कसा आलाय?"

"एका बाजूला सोनेरी."

"आणि दुसऱ्या?"

मोजणीसाहेब खोटं बोलणारे नव्हते. "काळा म्हणता येणार नाही. पण तांबूस म्हटलं तर ते अतिक्रमण होईल."

"बाहेर काढा!"

फ्रिज सुटला तेव्हा साडेचार वाजत आले होते. केकमावशी आत आल्या आणि ओट्यासमोर उभ्या राहिल्या. केक नव्हता तो, घसरगुंडी होती. उजवीकडे चार बोटं उंच, डावीकडे जेमतेम एक बोट, आणि ती कड चांगलीच करपलेली. वरून क्रीम लावून झाकावं म्हणून त्यांनी फ्रिज उघडला. क्रीम होतं, पण वाडग्यात नव्हतं. वरच्या फळीपासून खालच्या भाज्यांपर्यंत सगळीकडे होतं.

त्या स्टुलावर बसल्या. "एवढं एक मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "एक तुकडा त्यांनी जास्त खाल्ला असता तर मला पुरलं असतं. शनिवारी ते चालले."

 मोजणीसाहेबांनी कामाला हात घातला. केकच्या दोन टोकांना दोन काड्या खोवल्या, दोरा ताणला, सुरी आणली. "ही करपलेली बाजू सरळ रेषेत उडवतो. उरलेलं वरून सपाट करतो. छोटा होईल, पण चौरस होईल."

सुरी दोऱ्याला टेकली आणि दारावरची घंटा वाजली.

नाना अर्धा तास आधीच आले होते. "सामान बांधून झालं. घरात बसून काय करायचं?" असं म्हणत ते सरळ स्वयंपाकघरापर्यंत आले. फ्रिज वाटेत होता, त्याला वळसा घातला. ओट्यापाशी येऊन थांबले. चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"जावईबापू, ती सुरी खाली ठेवा."

मोजणीसाहेबांनी ठेवली.

"हा कोणी केला?"

"मीच, नाना," केकमावशी म्हणाल्या. "आज बिघडला हो. तुमच्या वाढदिवसाला नेमका—"

"इकडची बाजू दे." नानांचं बोट करपलेल्या कडेवर होतं.

"ती करपलीय, नाना."

"दिसतंय मला. दे."

तिथेच स्टुलावर बसून त्यांनी तो चपटा, काळसर तुकडा खाल्ला. सावकाश खाल्ला. चमचा बशीत आडवा ठेवला नाही. रुमालही काढला नाही.

"तुझ्या आईचा ओव्हन तीन पायांचा होता," ते म्हणाले. "नवाकोरा आणला आणि जिन्यात माझ्या हातून पडला. एक पाय तुटला. म्हटलं, पुढच्या रविवारी बसवून देतो. तिने तोवर कोपऱ्याखाली माझ्या बूट पॉलिशची डबी सारली. तो पुढचा रविवार काही उगवला नाही. ती बुटकी पडायची. केक व्हायचा तो असा. मग तिने फर्मान काढलं, ज्याने पाय मोडला त्याने करपलेली बाजू खायची. उंच बाजू पोरांना."

केकमावशींना ती डबी आठवली. ओव्हनखालची, झाकणाचा रंग उडालेली. हजार वेळा पाहिली होती. पॉलिश ठेवायची तीच जागा असते, असंच त्या लहानपणापासून समजत आल्या होत्या. आणि अख्खा केक त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मारामारी नको म्हणून आई आतच कापायची. त्यांच्या बशीत नेहमी उंच, मऊ तुकडा आला होता. अठरा केक त्यांनी आपल्या बशीतले केले होते, नानांच्या बशीतला एकही नाही.

"इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? पोरगी जीव ओतून एवढं सुंदर करते, तिला सांगू की जरा जाळ म्हणून?" नाना बशीकडे बघत म्हणाले. "आणि पहिल्या वर्षी ती शिक्षा होती हो. पुढे तिने एकदा मला उंच बाजूचा तुकडा दिला, तर मीच परत केला. चव्वेचाळीस वर्षं खाल्ली ही बाजू. ती गेल्यावर वाटलं, संपलं ते."

त्यांनी बशी पुढे केली.

"अगं, अजून एक दे."

केकमावशींनी तुकडा कापला, पण डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळे तो वाकडा गेला. मोजणीसाहेबांनी ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकडं ते वाकडंच राहू दिलं. ते गुडघे टेकून फ्रिजच्या जागेवर वाकले, हात घातला आणि एकदम ओरडले, "सापडला!"

एका हातात ओव्हनचा पाय, दुसऱ्या हातात पाना. "दोन मिनिटांत बसवतो. बुडबुडा बरोबर मध्ये आणतो."

"राहू द्या हो," नाना वर न बघता म्हणाले. "पुढच्या रविवारी बसवा."

"पण नाना, शनिवारी तर तुम्ही जाणार," केकमावशी म्हणाल्या.

"रविवार झाला की जाईन. भावाला फोन करून सांग गं, खुर्ची एवढ्यात हलवू नकोस म्हणावं."

मोजणीसाहेब पडले नेमके गृहस्थ. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे कोणता रविवार? तारीख किती?"

नानांनी करपलेल्या कडेचा शेवटचा तुकडा उचलला.

"पुढचा," ते म्हणाले.

केकमावशींनी नवऱ्याच्या हातातून तो पाय काढून घेतला आणि आईच्या वहीच्या खणात, अगदी मागे, ठेवून दिला.