चार तारांना दिलेली खळ

त्या दिवशी मी ठरवलं होतं ते एवढंच, की नुसतं पाहायचं. हात लावायचा नाही. आमच्या दामिनीनं फोनवर तीनदा बजावलं होतं आणि मीही तीनदा हो म्हणालो होतो. (मला कोणी काही सांगितलं की मी आधी हो म्हणतो आणि मग सावकाश विचार करतो. लग्नही माझं असंच झालं.)

दामिनी म्हणजे माझी नात. भंडाऱ्याजवळ शहापूरला कॉलेजात शिकते, तिथंच होस्टेलवर राहते, आणि पाच जणांच्या एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवते. बास गिटार म्हणजे काय ते मला विचारू नका. मी शाळेत गेलो तो फक्त भिंतींना चुना मारायला. गावात मी सांगत होतो की ही लांब दांड्याची सतार असते आणि विजेवर चालते. आजवर दामिनी मैत्रिणीची गिटार मागून वाजवायची. मैत्रिणीचं लग्न झालं आणि तिच्याबरोबर गिटारही सासरी गेली. इकडे येत्या मंगळवारी लाखनीला ऑर्केस्ट्रांची स्पर्धा. गिटार नाही तर दामिनी नाही. तिच्या जागेवर भंडाऱ्याची दुसरी एक पोरगी टपून बसली होती, आणि तिच्याकडे स्वतःची गिटार होती.

म्हणून मी म्हणालो, "बाई, गिटार मी घेऊन देतो."

वाद्यांचं दुकान हेमराजचं, भंडाऱ्यात. हेमराज आमच्या आंधळगावचा जावई. गावचा जावई एका घराचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. त्याला आम्ही नाही म्हणू शकत नाही आणि तो आम्हाला. दामिनीचं मन दोन मॉडेलांमध्ये अडकलं होतं, म्हणून गुरुवारी सकाळी सासरी येताना तो दोन्ही गाडीत घालून घेऊन आला आणि आमच्या ओसरीवर ठेवल्या.

"काकाजी, दामिनी शनिवारी येईन, वाजवून पाहीन. पसंत पडली ते ठेवा. दुसरी मी रविवारी जशीच्या तशी घेऊन जाईन."

'जशीच्या तशी' हे तो माझ्याकडे पाहून दोनदा म्हणाला. का, ते तेव्हा कळलं नाही.

एक काळी होती, चार तारांची. दुसरी लाल, पाच तारांची. आता मी पन्नास वर्षं मागावर कोशाचं रेशमी कापड विणलेला माणूस. (गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली माग बंद केला. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही, पण साल लक्षात राहतं.) धागे मोजायची खोड काही जात नाही.

"जावईबापू, महाग कोणती?"

"काळी."

"म्हणजे एक धागा कमी अन् भाव जास्त?"

"काकाजी, हे कापड नोहोय."

"नसंल. पण मोजाले गेलं तं पाच हे चारापेक्षा जास्तच ना?"

हेमराज जावई होता म्हणून हसला. दुसरा कोणी असता तर गाडीत परत घालून घेऊन गेला असता.

तो गेल्यावर आमची गोदावरी पदराला हात पुसत बाहेर आली. हात लावू नको असं तिला कोणी बजावलं नव्हतं. तिनं काळीची एक तार ओढली. डास कानाजवळून जावा एवढाच आवाज आला. लालची ओढली. तिथंही डासच.

"आवाज नाही जी याले?"

"विजेवर चालते ते."

"मंग वीज नोका लावू. दोन्ही घेऊन टाका. घरात ठेवाले चांगल्या हायेत."

तेवढ्यात शेजारचा चिंधू आला. बाजारात बैल घ्यायचा असला की अर्धं गाव चिंधूला बरोबर नेतं. तो दोन्ही गिटारींच्या भोवती दोन फेऱ्या फिरला, पाठीवर थाप मारून पाहिली आणि तार पिळायच्या खुंट्या मोजल्या.

"लाल घे, सोमाजी. हिले पाच कान हायेत. काळी गरीब वाटते."

मी मान हलवली. मी तर नुसतं पाहतच होतो.

दुपारी घर शांत झालं तेव्हा मी चष्मा लावून पाहायला बसलो. आणि काय दिसावं? काळी गिटार. तिच्या तारा जिथं खुंटीला गुंडाळल्या होत्या, तिथं तारेच्या टोकावर लाल धागा वळलेला होता. बारीक, चमकदार. मी नाक लावून पाहिलं. रेशीमच! (नसलंच तर रेशमाचा चुलतभाऊ.) आणि त्या रेशमावर बारीक बारीक तूस उभं राहिलेलं होतं.

विणकराला उभं तूस दिसलं की त्याला काय होतं ते सांगून कळायचं नाही. तुमच्या ताटात केस दिसल्यावर तुम्हाला होतं तसंच काहीसं. तूस बसवायचा उपाय एकच, खळ. भात गाळ होईस्तोवर शिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि कुंच्यानं ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांवर, चढवायचा. धागा गुळगुळीत होतो, तुटत नाही. मी ठरवलं, टोकालाच लावू, तेही बोटानं.

टोकाला लावली. पण धागा एका जागी खळीचा आणि पुढं कोरा, हे कसं चालावं? असा धागा ओढला की खळीच्या सीमेवर तुटतो. म्हणून ती एक तार पूर्ण केली. एक तार केल्यावर बाकीच्या तिघी माझ्याकडे पाहायला लागल्या. अर्धा ताणा ओला आणि अर्धा कोरा ठेवणारा माणूस आमच्या गल्लीत तोंड दाखवू शकत नाही. मी माळ्यावरून जुना कुंचा काढला. खालून वर, खालून वर, एका दमात. हात काही विसरला नव्हता. मी गुणगुणतही होतो म्हणे. गोदावरी तसं सांगते.

मग गिटार अंगणात बाजेवर उन्हात ठेवली आणि घटकाभर लवंडलो.

जागा झालो तो आवाजानं. टिक, टिक, टिटिक. आमची कोंबडी बाजेवर चढून तारांमधला भात टिपत होती.

"या जी, या!" गोदावरी दारातून ओरडली. "कोंबडी वाजवून राहिली! तुमच्याहून बरी वाजवते!" आणि मग ती जवळ आली. तिनं तारेवरून बोट फिरवलं. बोटाचा वास घेतला. "हे काय होय?"

"खळ दिली."

"लोखंडाच्या तारेले?"

"टोकाले रेशीम हाय ना व."

"अन् तुमच्या डोक्याले काय हाय?"

तेवढ्यात फोन वाजला. दामिनी. "आबाजी, सुट्टी लागली, मी आजच येऊन राहिली. पाचच्या बसनं. दोन्ही ठीक हायेत ना?"

"हो," मी म्हणालो. (पाहा. आधी हो.)

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. गोदावरीनं ओलं फडकं घेतलं, मी नारळाची शेंडी घेतली. वरचं वरचं निघालं, पण तारेच्या वेढ्यांमध्ये बसलेली खळ हटेना. आयुष्यात माझ्या खळीनं कधी कोणत्या ताण्याला सोडलं नाही, आणि त्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं. मी पाहत होतो आणि मनात मंगळवार दिसत होता. काळी बिघडली, तर पोरीला पसंत असो नसो, लालच गळ्यात पडणार. तिच्या पसंतीची गोष्ट, आणि ती मी भातात घातली.

दामिनी आली. पायही धुतले नाहीत. बरोबर आणलेला, शिलाई मशीनएवढा आवाजाचा डबा काढला, वायर जोडली आणि आधी लाल उचलली.

घुंऽऽऽ!

फडताळातली भांडी हलली. गोदावरीनं दाराची चौकट धरली. "माय वं! जमीन हालून राहिली!"

"आजी, हे तं हळूच होय," दामिनी म्हणाली आणि काळी घेतली.

धप्.

तिनं पुन्हा वाजवली. धप्, धप्. धानाच्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज. दामिनीच्या कपाळावर आठी आली. तिनं खुंट्या पिळल्या, डब्याची बटणं फिरवली. धप्. मी चष्मा काढून पुसायला लागलो. तो स्वच्छच होता.

"आबाजी, याले काही झालं का?"

मी उभं राहून सांगायला लागलो. रेशमापासून सुरू केलं. तूस सांगितलं, ताण्याचा नियम सांगितला, कोंबडीचंही सांगितलं. गोदावरी मधेमधे 'मी नाही म्हणलं होतं' असं घालत होती, जे खोटं होतं. दामिनीनं तार नाकाजवळ नेली. "आबाजी," ती म्हणाली, "खिचडीचा वास येऊन राहिला." आणि मग ती जी हसायला लागली ती खालीच बसली. मला वाटलं रडते आहे, म्हणून मी पाणी आणलं. ते पाहून आणखीच हसली.

नंतर तासभर ती दोन्ही गिटारी आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसली. डोळे मिटून, वर खाली बोटं फिरवत. मी ओसरीच्या खांबाला टेकून होतो. शेवटी ती म्हणाली, "काळी."

"माझ्या भिडेनं नोको घेऊ बाई. जावईबापूले मी समजावतो."

"नाही जी आबाजी. माह्या हाताले हेच पाहिजे होती."

त्या रात्री मला छान झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा सगळं उलगडलं होतं. दोन्ही वाजवून पाहिल्या, आणि खळीचीच घेतली! म्हणजे तो 'धप्'च तिला आवडला. मी चिंधूला सांगितलं. चिंधूनं बाजारात सांगितलं. शनिवारी दामिनी तालमीला भंडाऱ्याला जाऊन आली, रविवारी हेमराज लाल गिटार जशीच्या तशी घेऊन गेला, आणि सोमवारपर्यंत आंधळगावात कोणाला शंका उरली नव्हती की सोमाजीनं गिटारीला खळ देण्याचा शोध लावला आहे.

मंगळवारी आम्ही सगळे लाखनीला. मैदानाच्या पलीकडे हायवेवर ट्रक भोंगे देत होते, पण दामिनीचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि भोंगे ऐकू येईनासे झाले. काळी गिटार अशी काही बोलत होती की आवाज कानात न येता छातीतच शिरत होता. धुम्म, धुम्म. पोरगी जराशी मान तिरकी करून वाजवत होती, आणि भंडाऱ्याची ती टपून बसलेली पोरगीसुद्धा खाली टाळ्या वाजवत होती. मी डावीकडच्या माणसाला म्हणालो, "खळ माझी हाय." मग उजवीकडच्याला. मग मागच्या रांगेला. एका बाईनं तांदूळ कोणता ते विचारून घेतलं.

पहिला नंबर आला! मी एवढ्या जोरात ओरडलो की निवेदकानं 'बाबा, बसा' म्हटलं.

स्टेजमागं हेमराज दिसला. मी गिटार मागून घेतली आणि त्याच्यासमोर धरली. "जावईबापू, दुकानात आता अशाच ठेवत जा. खळ दिलेल्या."

हेमराजनं तारेवरून बोट फिरवलं. "काकाजी, ह्या तं माह्या दुकानातल्या कोऱ्या तारा होय. शनिवारी दामिनी घेऊन गेली."

मी दामिनीकडे पाहिलं. ती चपलेचा पट्टा पाहत होती. "तुम्ही एवढे खुश होते आबाजी, मंग मी कायले सांगू?"

"मंग काळी काहून घेतली?"

"माही बोटं आखूड हायेत. हिचा दांडा बारीक हाय."

"अन् तो धप्?"

"तो नोको होता ना जी."

हेमराज जावई होता म्हणून तोंड फिरवून हसला. मी गिटार दामिनीकडे परत दिली. मग विचारलं, "माह्यावाल्या तारा कोठी हायेत?"

"माह्यापाशी," गोदावरी शेंगा सोलत म्हणाली. "न्हाणीच्या मागं दोन खिळ्यांना बांधल्या. शनिवारपासून तुमचा लंगोट त्याच्यावरच वाळून राहिला. खळ मात्र तुमची पक्की हाय जी. लंगोट सुकला का पापडावानी कडक निघते."

तरीच म्हटलं, लाखनीच्या गाडीत बसल्यापासून टोचतंय काय!