दुसरं पान

हरिदासचं पत्र येऊन अडीच महिने झाले, डिसेंबर संपत आला, तरी सूर्यकांतनी उत्तर लिहिलं नव्हतं. दोघं पूर्वी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजारी राहत. दर संक्रांतीला पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, जायचं, तिथली भाषणं सूर्यकांतनी ऐकायची आणि मराठी मंडळाच्या अंकात वृत्तान्त लिहायचा, हा वीस वर्षांचा रिवाज. ‘यंदाही भाषणं तूच ऐकायचीस,’ हे वाक्य आलं आणि सूर्यकांतनी पत्र तिथेच मिटून कुठल्याशा पुस्तकात ठेवलं.

कारण निवृत्तीनंतर गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. पत्नीला, कुमुदताईंना, फरक जाणवला नव्हता. हातात पुस्तक असलं की ते पूर्वीही ऐकत नसत.

शेवटी ते गुपचूप डॉक्टरकडे गेले.

“वजन अठ्ठासी! दिनभर क्या करते हैं?”

“पढ़ता हूँ.”

“बैठकर?”

आडवं पडूनही, हे सूर्यकांतनी सांगितलं नाही.

“देखिए, वजन बढ़े और चलना बंद हो जाए, तो कान की बारीक नसों तक खून ठीक से नहीं पहुँचता. जो सुनना गया वो शायद न लौटे. जो बचा है, उसे बचाइए. रोज एक घंटा चलिए.”

पण बाहेर चालायचं म्हणजे लोक नमस्कार करणार, काहीतरी विचारणार, आणि ते ऐकू यायला हवं. म्हणून कुमुदताई भाजीला गेल्या की सूर्यकांत आतून कडी लावत आणि जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत. चारपाच फेऱ्यांनंतर डोळे अर्धवट मिटत. मग फ्रिजच्या कोपऱ्यावर सरोजिनी नगरचं मार्केट येई, कपाटापाशी कडुनिंबाची सावली, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास. आणि शेजारी, नेहमीसारखा अर्धं पाऊल पुढे, हरिदास.

त्या दिवशी कुमुदताई पिशवी विसरल्या म्हणून लगेच परतल्या. बेल वाजवली. दार ठोठावलं. मग दोन्ही हातांनी बडवलं. खालच्या मजल्यावरचे भल्लासाहेब वर आले.

“बहन जी, ऊपर से धम-धम आ रही है. कोई घूम रहा है अंदर.”

“हमारे ये होंगे.”

“अंकल जी? वो इतना हिलते कहाँ हैं?”

हे कुमुदताईंना एकदम पटलं. म्हणजे आत चोर होता, आणि यांना बांधून घातलेलं होतं. भल्लासाहेबांनी बॅट आणली. चौकीदार शिडी लावून पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत चढला, आत उडी मारली, ती नेमकी पुस्तकांच्या ढिगावर. पुस्तकं घरभर पसरली.

“अंकल जी, चोर किधर है?”

सूर्यकांत मंद हसत समोरून आले, “हरिदास, हळू चाल की रे,” म्हणाले, आणि चौकीदाराला वळसा घालून मार्केटकडे वळले.

चौकीदाराने घाबरून दार उघडलं.

“अहो! अर्धा तास बडवतेय दार! ऐकू येत नाही का?”

सूर्यकांत थबकले. बाल्कनीला शिडी, दारात बॅट आणि अर्धी सोसायटी. आता लपवायला जागाच नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली.”

“म्हणजे दोन वर्षं मी एकटीच भांडतेय?” कुमुदताईंचे डोळे भरून आले. ते लपवायला त्या खाली वाकून पुस्तकं गोळा करू लागल्या. एका पुस्तकातून पत्र पडलं. त्याला दुसरं पान होतं. त्यांनी ते मोठमोठ्यांदा वाचलं.

“‘सूर्या, खरं सांगतो, माझ्या घरी अलकाला बोलू नकोस. मला हल्ली नीट ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतो वजन उतरव, चालत जा. पण लाज वाटते, म्हणून गच्चीवर चालतो. काला अंबला तू शेजारी उभा राहून कानात सांगत जा. तू नसलास तर मी जाणार नाही.’”

भल्लासाहेबांनी कुमुदताईंकडून अर्थ विचारून घेतला आणि बॅट खाली ठेवली.

सूर्यकांतनी उभ्याउभ्याच उत्तर लिहिलं: ‘येतो. भाषणं दोघांनाही ऐकू येणार नाहीत. आपण मैदानाला फेऱ्या मारू. वृत्तान्त मनाने लिहीन. इतकी वर्षं भाषणं तीच आहेत.’

पोस्टाची पेटी पार चौकात होती, पण नवराबायको दोघं चालत गेली. वाटेत तिघांनी नमस्कार केला. सूर्यकांतनी तिघांनाही विचारलं, “जी? ज़रा ज़ोर से.”

पत्र पेटीत सोडून ते कान लावून उभे राहिले.

“पडलं,” कुमुदताई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. “मी ऐकलं.”