वास येतो का, अक्का?

रोज सकाळी साडेदहाला खंदारे माझ्या टेबलापासून बरोबर एक हात अंतरावर उभे राहायचे, तोंड अर्धवट उघडायचे आणि विचारायचे, "अक्का, खरं सांगा. वास येतो का?"

मी फाइलमधून डोकं वर न काढता सांगायची, "नाही येत."

"नक्की?"

"हौ, नक्की. बसा आता जागेवर."

मग ते बसायचे. सरकारी कचेरीत इतकी वक्तशीर गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

मी बरकतपुऱ्यातली. माझे आजोबा नांदेडकडची शेती सोडून हैदराबादला आले, त्यामुळे माझी शाळा-कॉलेज सगळं इथलंच. खंदारेही नांदेडकडचेच, पण ते शाळा तिकडे करून नोकरीसाठी इथं आलेले. सेक्शनमध्ये मराठी आम्ही दोघंच. सगळे तेलुगू लोक मला अक्का म्हणायचे म्हणून खंदारेही म्हणायचे. वयाने चार वर्षांनी मोठे असून.

या माणसाने पन्नाशीला दातांना तारा बसवल्या. सेक्शन आठवडाभर हसलं. कारण विचारलं तर म्हणाले, दात एकमेकांवर चढलेत, फटीत अन्न अडकतं आणि त्याने वास येऊ शकतो, असं नारायणगुड्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खंदाऱ्यांना 'येऊ शकतो' एवढंच पुरलं.

तारा निघाल्या आणि रिटेनर आला. सरळ झालेले दात पुन्हा जुन्या जागी सरकू नयेत म्हणून वर घालायचं ते पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर. पण हे कव्हर नीट धुतलं नाही तर त्यालाच वास येतो, हे कळलं आणि खंदाऱ्यांची झोप उडाली. म्हणजे वासाच्या भीतीने जे केलं, त्यातून वासाची नवी भीती निघाली.

टेबलाच्या खालच्या खणात त्यांचा सगळा सरंजाम होता. स्टीलची झाकणाची वाटी, लहान मुलांचा मऊ ब्रश, भांड्यांच्या साबणाची छोटी बाटली, सिरक्याची म्हणजे व्हिनेगरची बाटली. जेवताना रिटेनर काढायचा, चहाला काढायचा, परत घालण्याआधी धुवायचा. मग मला व्याख्यान. "टूथपेस्ट नक्को अक्का, बारीक चरे पडतात, चऱ्यात घाण बसते. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर धरतो, त्याला सिरका आणि पाणी. कागदात गुंडाळला की गेलाच समजा, कुणीतरी कचऱ्यात टाकतं." असं बरंच काही. मी मान हलवायची. ऐकत नव्हते.

आमचा अटेंडर, म्हणजे शिपाई, यादगिरी तेवढ्यात बेसिनपाशी यायचा. "क्या सार, बच्चे को नहला रहे क्या?"

"हौ रे. तू भी नहा ले कभी."

असे दिवस चालले होते आणि राज्याचे दोन तुकडे करायचं ठरलं. कचेऱ्या वाटायच्या, कपाटं वाटायची, माणसंही वाटायची. शाळा कुठं शिकलात त्यावरून तुम्ही इकडच्या राज्याचे की तिकडच्या. खंदाऱ्यांचं गाव पडलं तिसऱ्याच राज्यात. त्यांचा फॉर्म तीनदा परत आला.

"इथं तर सगळं ओळखीचं आहे," ते सारखं म्हणायचे. "तिकडच्या यादीत टाकलं तर?"

"तर काय? त्यांचीही कचेरी सध्या समोरच्याच इमारतीत. शहर तेच, बस तीच."

"माणसं नवीन ना, अक्का."

मला वाटलं, काय हा माणूस घाबरतो! पण भीती सगळ्यांनाच होती. जेवणाच्या सुट्टीत लोक कुजबुजत बोलायचे. वीस वर्षं एका डब्यातलं लोणचं खाणारे आता एकमेकांच्या शाळेचे दाखले विचारायचे. खंदारे दिवसातून पाच-पाच वेळा रिटेनर धुवायला लागले. ब्रश सारखा बेसिनमध्ये पडायचा.

यादी लागली ती दुपारी. यादगिरी सांगत आला. खंदारे चहा घेत होते. रिटेनर वाटीत होता. त्यांनी वाटी माझ्या टेबलावर ठेवली. "जरा बघा हिच्याकडं," म्हणाले आणि जिना उतरले.

मी वाटी उघडली. त्या दिवशी धुण्याचं त्यांना सुचलं नसावं, कारण पहिल्यांदाच खरंच वास आला. आमच्या घरात बाळाच्या बाटलीपासून दुधाच्या फडक्यापर्यंत सगळ्याचा वास उकळत्या पाण्याने जातो. बिचारा खाली घाबरलाय, आपण एवढं तरी करावं, म्हणून मी किटलीतलं उकळतं पाणी वाटीत ओतलं.

रिटेनर भाजल्या पापडासारखा वळला.

खंदारे वर आले. नाव तिकडच्या यादीत होतं. मग त्यांनी वाटीत पाहिलं.

"गरम पाणी नक्को हे मी किती वेळा सांगितलं, अक्का."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची मागे ओढून लांब बसले आणि तोंडावर हात धरून बोलले.

"शाळेत मला दाराबाहेर चपलांपाशी बसवायचे. गुरुजी म्हणायचे, याचा वास येतो. आई बिचारी दोनदा अंघोळ घालायची, राखेने दात घासून घ्यायची. मी रोज पोरांना विचारायचो, आज येतो का? कुणी जवळ येऊन बघायचंच नाही. इथं बावीस वर्षांत कुणी खुर्ची सरकवली नाही. आता पुन्हा पहिल्यापासून."

कोणत्या गुरुजींनी कोणाला कशासाठी बाहेर बसवलं, हे आमच्या आजोबांच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. मी पर्स उचलली आणि त्यांना घेऊन नारायणगुड्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, चार दिवस लागतील म्हणाल्या. ते चार दिवस खंदारे साडेदहाला विचारायला आले नाहीत.

निघण्याच्या दिवशी खण रिकामा करून, नवा रिटेनर घालून ते आले. एक हात अंतरावर उभे राहिले.

"अक्का, खरं सांगा. वास येतो का?"

मी फाइल मिटली. उठले, टेबलाला वळसा घालून गेले. ते एक पाऊल मागे सरकले.

"थांबा. आ करा."

त्यांनी डोळे मिटून आ केला. मी अगदी जवळ नाक नेलं. यादगिरी दारात हातात कपबशी धरून बघत राहिला.

"येतो," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले.

"सिरक्याचा. थोडासा. जास्त घालता तुम्ही. नंतर दोनदा साध्या पाण्याने धुवा."

खंदारे हसले. सगळे सरळ दात दाखवत, तोंडावर हात न धरता.

"इतक्या वर्षांत आज खरं सांगितलंत," ते म्हणाले. मागे मात्र सरकले नाहीत.