अकरा नंबरचा माणूस

आपल्याला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही, असं नियाझीकाका चाकमाक छातीठोकपणे सांगत. जर्मनीतल्या डुइसबर्गच्या पोलाद कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि निवृत्त होऊन मशिदीच्या चहाघराचा ताबा घेतला, त्यालाही नऊ वर्षं झाली होती. एवढ्या काळात विमा विकणारे, गालिचे विकणारे आणि निवडणुकीआधी दोन महिने अचानक तुर्की जेवण आवडू लागणारे पुढारी, सगळ्यांना त्यांनी दारातच ओळखलं होतं. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी विद्यापीठातून वीबके हार्म्स नावाची तरुण बाई आली आणि "या शहरातल्या मुस्लिम लोकांचं रोजचं जगणं कसं आहे, त्यांना इथं आपलेपणा वाटतो का, यावर आम्ही संशोधन करतोय," असं म्हणाली, तेव्हा काकांनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि मनात म्हटलं, आली.

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"विद्यापीठाने."

"आणि विद्यापीठाला कुणी पाठवलं?"

बाई हसली. ते हसणंही काकांनी लक्षात ठेवलं. बाईने न सांगता बूट काढून फळीवर ठेवले होते, म्हणजे ती पूर्वी कुठल्या तरी मशिदीत जाऊन आली होती. साखर नको हे तिने तुर्कीत सांगितलं, म्हणजे तिला कुणीतरी तयार करून पाठवलं होतं. तुर्की येत नसतं तर येत असून लपवते, असं काका म्हणाले असते.

"अरे, पोरगी अभ्यास करतेय," बेद्री म्हणाला. बेद्री हा निवृत्त न्हावी आणि काकांचा जुना मित्र. सकाळपासून चहाघरातल्या एकाच खुर्चीत बसायचा आणि जगातल्या सगळ्यांबद्दल चांगलं बोलायचा.

"तुला सगळेच अभ्यास करताना दिसतात. दाढी करायला आलेला माणूसही तुला पाहुणाच वाटायचा."

मशिदीच्या समितीने मात्र होकार दिला. पुस्तकांच्या छोट्या खोलीत बाईने टेबल मांडलं आणि एकेकाला बोलावून मुलाखती सुरू केल्या. आधी चार पानी संमतीपत्र वाचायचं, सही करायची. मग बाई प्रत्येकाला एक नंबर द्यायची. कागदावर कुणाचंही नाव येणार नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा याची यादी तिच्याकडे कुलपात, आणि काम संपलं की तीही फाडून टाकणार.

इथे काकांचा संशय पक्का झाला. "नंबर कारखान्यातही होता, पण तिथे सोबत निदान नाव लिहायचे. ज्याला तुमचं नाव नको असतं, त्याला ते आधीच ठाऊक असतं," ते बेद्रीला म्हणाले. बेद्रीने आणखी एक चहा मागवला.

मग काकांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. मुलाखत संपवून जो तो चहा प्यायला त्यांच्याकडेच यायचा. पेला पुढे सरकवताना ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "कितवा नंबर?" उद्या एखादी गोष्ट बाहेर फुटली तर कुणाच्या तोंडून फुटली, हे कुणाला तरी माहीत असायला नको का! चहाघराच्या भिंतीवर नमाजाच्या वेळांचं कॅलेंडर होतं, रोज एक पान फाडायचं ते, प्रत्येक पानामागे एक पाककृती छापलेली. त्यातल्या पुढच्या एका पानाच्या मागे, पाककृतीच्या कडेच्या कोऱ्या जागेत, काकांनी बारीक अक्षरांत नावं आणि नंबर लिहायला सुरुवात केली. पान निवडलं तीन ऑक्टोबरचं. जर्मनीची सुट्टी म्हणून ती तारीख लाल छापलेली, चटकन सापडायची. बाईचं काम उन्हाळ्यात संपणार होतं. ते संपलं की पान काढून घेऊ, असा हिशेब होता.

काकांची पाळी अकरावी. संमतीपत्राची तीन पानं त्यांनी भिंग लावून वाचली. चौथ्या पानाला बाहेर चहाचं पाणी उतू गेल्याचा आवाज आला आणि त्यांनी सही ठोकली.

खोलीत शिरताना त्यांनी सापळा तयार ठेवला होता. बाईला एकच अशी गोष्ट सांगायची, जी जगात दुसऱ्या कुणाला सांगितलेली नाही. ती कधी, कुठूनही परत कानावर आली, की बाई हेर असल्याचं सिद्ध. बराच विचार करून त्यांनी निवडलेली गोष्ट होती बायकोच्या सारमांची.

शुक्रियेकाकू मशिदीच्या महिला मंडळाच्या प्रमुख, आणि द्राक्षाच्या पानांत भात भरून त्या ज्या सारमा वळत, त्यांचा परिसरात दबदबा होता. रमजानात, लग्नात, मयतीत, सगळीकडे त्यांच्याच सारमा. सगळी मशीद त्या खायची आणि नंतर काकांकडे येऊन चार-चार पेले चहा प्यायची, पण तोंडातून शब्द काढायची कुणाची टाप नव्हती.

"रविवारी मी नमाजाच्या तासभर आधी येतो," काका म्हणाले. "लोकांना वाटतं, किती भाविक. मी बायकोच्या सारमा चुकवायला येतो."

"का बरं?" बाईने विचारलं.

ठरल्याप्रमाणे काकांनी इथे थांबायचं होतं. पण लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. बाई मान हलवत ऐकत होती, चहा गरम होता, आणि काका बोलत सुटले. मिठाबद्दल बोलले, पहिल्या ईदबद्दल बोलले, कारखान्याच्या डब्याबद्दल बोलले. पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की बेद्रीला त्यांनी चहाबरोबर बिस्कीट दिलं. मग यादीत नियमाने लिहिलं: अकरा, नियाझी.

पुढे मार्च गेला, एप्रिल गेला, उन्हाळा गेला. कुठूनही काही कानावर आलं नाही. विद्यापीठाचं काम लांबलं आणि काका ते पान विसरूनही गेले.

तीन ऑक्टोबर हा मशिदीची दारं सगळ्या शहराला उघडी ठेवण्याचा दिवस. त्या दिवशी बाई मोठाले कापडी फलक घेऊन आली. संशोधन ज्यांच्यावर केलं त्यांना ते परत दाखवायचं, अशी विद्यापीठाची पद्धत होती. हॉलभर फलक लागले, लोकांची वाक्यं, खाली नंबर. शुक्रियेकाकूंनी सारमांचं टेबल मांडलं होतं, आणि त्याच्या बरोबर मागे लागला होता सातवा फलक.

"लोकांना वाटतं मी भक्तीमुळे लवकर येतो. मी बायकोच्या सारमा चुकवायला येतो. कितीतरी वर्षं ती पातेल्यात समुद्र ओततेय. सहभागी क्रमांक ११."

काकांच्या हातातली किटली थांबली. सापळा लागला होता, फक्त आत कोण अडकलंय हे त्यांना हळूहळू कळत होतं.

"हे काय आहे?" त्यांनी बाईला कोपऱ्यात गाठून विचारलं.

"तुमची संमती आहे ना, हेर चाकमाक," बाई म्हणाली. जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत. "चौथ्या पानावर. पण काळजी करू नका. यादी मी कधीच नष्ट केलीय. कुणाला कधीच कळणार नाही."

काकांना त्या क्षणी त्या बाईबद्दल जितका विश्वास वाटला तितका आयुष्यात कुणाबद्दल वाटला नव्हता.

तोवर फलकासमोर बायका जमल्या होत्या. प्रत्येकीने आधी फलक वाचला आणि मग नवरा कुठे आहे ते पाहिलं. शुक्रियेकाकू कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कुणा बिचारीच्या नशिबी हा मेला आलाय?" त्या म्हणाल्या. "राबराब राबायचं आणि यांनी बाहेर जाऊन असं बोलायचं. नियाझी, तुला तर सगळं माहीत असतं. कोण असेल रे?"

काकांनी घसा खाकरला. आणि मग त्यांनी जे केलं त्याची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटली. "बेद्री लवकर येतो," ते म्हणाले.

बेद्रीच्या बायकोने हातातली ताटली खाली ठेवली.

"माझा नंबर चार आहे!" बेद्री ओरडला. "नियाझीला विचारा. त्याने सगळ्यांचे नंबर लिहून घेतलेत. यादी आहे त्याच्याकडे."

सगळा हॉल काकांकडे वळला.

"कसली यादी? होती, ती फाडून टाकली," काका म्हणाले. म्हणताना त्यांना पुसटसं वाटलं, की काहीतरी करायचं राहिलंय.

नेमक्या त्याच वेळी, हॉलच्या टोकाला चहाघराच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका जर्मन आजीबाईंनी काकूंना विचारलं, "हे कॅलेंडर कसलं हो?" पाहुण्याला प्रश्न पडला की काकू नवऱ्याला विसरत. "यात नमाजाच्या वेळा असतात," त्या म्हणाल्या, "आणि मागे रोज एक पाककृती. थांबा, आजचं पान तुम्हाला आठवण म्हणून देते." त्यांनी लाल तारखेचं पान टर्रकन फाडलं, उलटं केलं आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागल्या. "मसूरचं सूप. दोन वाट्या मसूर, एक कांदा. आणि कडेला हे काय... एक, हालित. चार, बेद्री."

"बघा!" बेद्री म्हणाला.

काकूंचं बोट खाली सरकत गेलं आणि अकरावर थांबलं. पुढचं त्यांनी वाचलं नाही. हस्ताक्षर त्यांच्या ओळखीचं होतं.

काकू ओरडल्या असत्या तर काकांना परवडलं असतं. त्यांनी एका ताटलीत सहा सारमा घेतल्या, चहाघराच्या टेबलावर ठेवल्या आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. "तुझ्या आईला एवढं मीठ लागायचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लग्नानंतर तिनेच शिकवलं. मला स्वतःला कधी आवडलं नाही. तू एकदा जरी म्हणाला असतास, तर मी दुसऱ्या दिवशी कमी केलं असतं. एकेचाळीस वर्षं घरात बोलला नाहीस, आणि सांगितलंस कुणाला?"

आपण जन्मभर दारावर पहारा केला आणि घरात एक साधा प्रश्न विचारला नाही, हे त्यांना तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. त्यांनी सहाच्या सहा सारमा खाल्ल्या. बेद्रीने न मागता पाण्याचा जग आणून ठेवला.

काकू उठल्या, पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि वीबकेबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मलाही एक नंबर दे, पोरी. मलाही बोलायचंय."

पुस्तकांच्या खोलीचं दार आतून बंद झालं. काका किटली घेऊन दाराबाहेर उभे राहिले. तासभर आतून काकूंचा आवाज येत होता, शब्द काही कळत नव्हते, आणि मधूनमधून दोघी हसत होत्या. शेवटी दार उघडलं. काकांनी चहाचा पेला पुढे केला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कितवा नंबर?"

काकूंनी चहा घेतला. नंबर सांगितला नाही.