सुहासिनीबाईंनी विडा उचलला त्याची हकीकत

श्री. लेखणीस नमन, दौतीस नमन, आणि कोऱ्या कागदास दुरून नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य षष्ठी, वार गुरुवार, ते दिवशी एके दौलतीत जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु दौलतीत कोणी कोणावर आवाज चढविला नाही. जे जाहले ते चहा पिता पिता जाहले, आणि म्हणूनच अधिक लागले. दौलतीचे नाव पुसू नये. कथा लिहून पोट भरणाऱ्यांची ती दौलत. खरे बोलावे तर पोट दुसऱ्या उद्योगाने भरून उरल्या वेळात कथा लिहिणाऱ्यांची. राजधानी म्हणजे गावच्या वाचनालयाची माडी, आणि दरबार दर गुरुवारी दुपारी चार वाजता भरत असे. कारभारी चौघे. मुख्य अण्णासाहेब मोडक, वय ऐंशी, कादंबऱ्या सतरा, दात सहा. दुसरे हसनमियां शिकलगार, रहस्यकथांचे सरदार, महिन्यास एक खून पाडणार आणि घरात झुरळ दिसले तर बायकोस हाक मारणार. तिसऱ्या सुहासिनीबाई कवठेकर, ज्यांची ही हकीकत. कथासंग्रह अकरा, आणि गोड शेवटाविषयी चहूकडे कीर्ती, इतकी की वाचक बाया पत्रे धाडीत, तुमची कथा वाचून पदर भिजला. चौथे विश्रामपंत ओगले. त्यांची कादंबरी एकच, तीही तीस वर्षांमागली, परंतु ऐसी की बाकी तिघांनी आपली सारी पुस्तके तिच्यावरून ओवाळून टाकावी. आणि गेली नऊ वर्षे पंतांनी एक ओळ लिहिली नव्हती. का, ते कोणी पुसत नसे.

या दौलतीत एक दस्तुर होता. पूर्वी एके वर्षी अण्णासाहेब आणि हसनमियां यांनी एकच प्रसंग लिहिला, नवरदेव पाण्याच्या टँकरात बसून पळाला तो, आणि दोन दिवाळी अंकांत दोन कथा एकदमच प्रसिद्ध जाहल्या, आणि लोक हसले, आणि दोघे सहा महिने एकमेकांशी बोलले नाहीत. मग तह जाहला. तहाचे कलम ऐसे की दरबारी मेजावर मध्यभागी तबकात एक विडा ठेवावा, आणि कोणी काही पाहिलेले ऐकलेले सांगू लागला आणि दुसऱ्यास त्यात कथा दिसली तर त्याने विडा उचलावा. उचलला की प्रसंग त्याचा. सांगणाऱ्याने तेथेच थांबावे, इतरांनी त्यावर बारा वर्षे लिहू नये, आणि ज्याच्या घरी प्रसंग घडला त्यानेही लिहू नये. हे शेवटचे कलम हसनमियांनी घातले, की लोक गोष्ट सांगून तोंडास पाणी आणतात आणि मग म्हणतात ही मीच लिहिणार आहे, हा चावटपणा बंद व्हावा. चौघांनी सह्या केल्या. असे दस्तुर करताना माणूस मोठा खुशीत असतो.

त्या वर्षी सुहासिनीबाई कोरड्या पडल्या होत्या. आषाढ तोंडावर आला, दिवाळी अंकाच्या संपादकांचे दोन खलिते आले, मग फोन आला, की बाई, तुमच्या कथेवाचून आमचा अंक उभा राहत नाही. आणि बाईंच्या पदरी एक वाक्य नाही. चार सुरुवाती केल्या आणि चारही फाडल्या. मनात धास्ती बसली की विहीर आटली, आता आपण नुसत्या जुन्या पुस्तकांच्या बाई. ऐशा मनाने त्या गुरुवारी दरबारास आल्या, आणि विश्रामपंत, जे एरवी मुके बसत, ते आपण होऊन बोलू लागले. पंतांचे वडील माघात वारले होते. तारखात्यातले गृहस्थ, जन्मभर मोजके बोलले, आणि मुलाच्या कादंबरीविषयी तर चकार शब्द काढला नाही. शेवटली दोन वर्षे त्यांची स्मृती गेली, मुलास ओळखीनात, आणि रोज सकाळी पंत त्यांची दाढी करावयास बसले की पंतांस रामभाऊ म्हणत. रामभाऊ म्हणजे त्यांची चाळीस वर्षे दाढी करणारा, जो कधीच वारला होता. पंतांनी पहिल्या दिवशी सांगून पाहिले की बाबा, मी विश्राम. तो म्हातारा घाबरला, मग पंत रामभाऊच जाहले. आणि रामभाऊपाशी ते मुलाविषयी बोलत. "पंत सांगत होते," असे आता तिघेही म्हणतात, "आणि माडीवर पंख्याचा आवाज तेवढा होता." पंत म्हणाले, "एके दिवशी गालाला साबण लावलेला, आणि म्हणाले, रामभाऊ, माझा मुलगा लिहायचा. चांगलं लिहायचा. मी चोरून दोनदा वाचलंय. आता लिहीत नाही. का ते विचारायची मला भीती वाटते, असं म्हणाले. माझ्या हातात वस्तरा, मी काय बोलणार? आणि मग शेवटच्या दिवशी सकाळी—" इतके बोलले, आणि थांबले. कारण सुहासिनीबाईंचा हात तबकावर गेला होता, आणि विडा हाती होता.

बाई शपथेवर सांगतात की हात आपण होऊन गेला, मनाने पाठविला नाही. अठ्ठावीस वर्षांची सवय. कथा दिसली आणि हात गेला. बाईंनी पाहिले तो विडा आपल्या हाती, आणि पंत आपल्या तोंडाकडे पाहत आहेत. "अरे देवा," बाई म्हणाल्या, "पंत, चुकलं माझं. मी परत ठेवते." आणि ठेवला. पंत उठले, टोपी घातली आणि अगदी गोडीने म्हणाले, "ठेवून काय होतं, बाई? उचलला तो उचलला. सह्या आपण चौघांनी केल्यात." आणि जिना उतरून गेले. मग माडीवर तिघे उरले. हसनमियां म्हणाले, "ताई, हे फार वाईट झालं," आणि थोड्या वेळाने म्हणाले, "खरं सांगू? माझा पण हात निघाला होता. तुमचा आधी पोचला." अण्णासाहेबांनी डोळे मिटले आणि बोलिले, "बायको अत्यवस्थ होती तेव्हा डॉक्टर काय सांगतात ते मी कान देऊन ऐकत होतो, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. एक वाक्य त्यातलं पुढल्या कादंबरीत घातलं. लोकांनी त्याचीच वाहवा केली." हसनमियां म्हणाले, "माझ्या घरी बायको आता माझ्यासमोर भांडतही नाही. म्हणते, तुमच्या खुनी बाया माझ्या आवाजात बोलतात." यावर हसू यावे, परंतु कोणी हसले नाही. आपण कसली माणसे आहो, हा विचार तिघांसही एकदम आला. मग चहा तसाच निवत ठेवून घरोघर गेले.

बाईंस दोन दिवस अन्न गोड लागले नाही. तिसरे दिवशी सकाळी पंतांचे घरी गेल्या, आणि म्हणाल्या की मी लिहीत नाही, तुम्ही लिहा, दस्तुर खड्ड्यात जावो. पंतांनी स्वतः चहा करून दिला आणि म्हणाले, "बाई, नऊ वर्षांत मी बाजारची यादीसुद्धा धड लिहिली नाही. हे तरी कुठलं लिहिणार होतो? तुमच्या हातून होईल. वडील निदान कागदावर येतील. लिहा." यात राग नव्हता, आणि बाईंस राग असता तर बरे वाटले असते. आणि येथे बाईंचा स्वभाव पाहावा! पश्चात्ताप करावयास गेलेली बाई, पंत लिहा म्हणाले तो पिशवीतून वही काढती जाहली. दाढीच्या पाण्याची वाटी पितळेची की स्टीलची, तुरटी लावीत की नाही, म्हातारा मान कोणत्या बाजूस कलवी, हे सारे पुसले, आणि पंतांनी सारे सांगितले. शेवटी बाईंनी पुसले, "आणि शेवटच्या दिवशी सकाळी काय झालं?" पंत कपबशी उचलून आत नेते जाहले, आणि आतूनच म्हणाले, "ते मी दरबारात बोललो नाही. ते विड्यात येत नाही."

मग बाईंनी मोहीम मांडली. अकरा दिवस लेखणी ऐसी चालली की बाईंस आपलाच नवरा दारात उभा राहिलेला दिसेना. विहिरीस पाणी आले! वाटी आली, साबणाचा वास आला, म्हाताऱ्याची भीती आली. बाई लिहीत आणि रडत आणि मनात म्हणत की आयुष्यातली उत्तम कथा ही. शेवटास येऊन मात्र अडल्या. काय घडले ते ठाऊक नाही. मग जे ठाऊक होते ते केले, आपल्या पद्धतीचा शेवट केला: दाढी होते, मुलगा टॉवेलाने तोंड पुसतो, म्हातारा त्याचा हात धरतो, तळव्यावरून बोट फिरवितो आणि म्हणतो, "विश्राम, तूच ना रे?" लिहून जाहल्यावर बाईंनी स्वतःच पदर डोळ्यांस लाविला. संपादकांस फोन केला की सोमवारी कथा धाडते. आणि आषाढातले एके गुरुवारी, पंतांस आवर्जून बोलावून, दरबारात वाचावयास बसल्या.

वाचन अर्धी घटका चालले. अण्णासाहेब आधी मान डोलवीत होते, मग डोलवीनासे जाहले, ही त्यांची खरी पसंती. हसनमियां खिडकीबाहेर पाहू लागले, कारण डोळे भरले होते. बाईंनी शेवटले वाक्य वाचिले आणि कागद खाली ठेविला, आणि कोणी बोलण्यापूर्वी विश्रामपंत बोलिले, "खोटं आहे." नऊ वर्षांत पंतांचा ऐसा आवाज कोणी ऐकिला नव्हता. मोठा नव्हता, पण कापत होता. "त्यांनी मला ओळखलं नाही. एकदाही नाही. दोन वर्षं मी वाट बघितली, बाई, रोज सकाळी, वाटीत पाणी घेताना. तुम्ही एका ओळीत ओळखायला लावलंत. हे असं नाही हो चालत. त्यांनी ओळखलं नाही, तरी जे बोलले ते... शेवटच्या दिवशी सकाळी ते म्हणाले—"

आणि सुहासिनीबाई ताडकन उठल्या. "थांबा," म्हणाल्या. "पंत, बोलू नका." सारे बाईंकडे पाहू लागले. अहो, ज्या शेवटासाठी अकरा दिवस डोके आपटले, तो समोरून चालत येत होता, आणि सोमवारी कथा जावयाची होती! बाईंनी मेजावरचा कागद उलटा घातला. म्हणाल्या, "तुम्ही बोललात की मी लिहीन. इथे शपथ घेईन, पायरी उतरेपर्यंत पाळीन, आणि घरी जाऊन लिहीन. मला माझी खात्री नाही, पंत. म्हणून मला सांगू नका, कोणालाच सांगू नका. घरी जा आणि लिहा. तुम्हाला आला आहे तो राग निवायच्या आत लिहा." पंतांनी टोपी उचलली. मग म्हणाले, "आणि सह्या?" अण्णासाहेब म्हणाले, "कसल्या सह्या? माझं वय झालं, मला काही आठवत नाही." हसनमियांनी खिशातले पेन काढून मेजावरून पंतांकडे सरकविले, आणि पंतांनी ते घेतले. बाईंनी त्याच दुपारी संपादकांस फोन केला की यंदा माझी कथा नाही. संपादक बहुत दिलगीर जाहले, मग थोडे रागावले, आणि त्या वर्षी अठ्ठावीस वर्षांत प्रथम बाईंच्या नावावाचून दिवाळी गेली. फराळाच्या ताटापाशी बसून बाईंनी दुसऱ्यांच्या कथा वाचल्या आणि त्यांस वाईट वाटले, ते वाटलेच. ते येथे लपवावयाचे कारण नाही.

पुढील शकात, विश्वावसु संवत्सरी, कार्तिकात पंतांची कथा प्रसिद्ध जाहली, पाने नऊ. बाईंनी अंक आणविला आणि दुपारचे उन्हात ओट्यावर बसून वाचिली. वाटी होती, तुरटी होती, परंतु बाईंच्या कथेतले काही त्यात सापडेना, सगळे उघडेवाघडे आणि थोडके. शेवटले पानी म्हातारा, दाढी अर्धी जाहली असता, म्हणतो, "रामभाऊ, मुलगा भेटला तर सांगा, नाही लिहिलंस तरी चालेल. पण सकाळचा घरी येत जा." आणि रामभाऊ म्हणतो, सांगतो, आणि राहिलेली अर्धी दाढी करतो. इतकेच. बाई रडल्या, आणि रडता रडता त्यांस पंतांचा कडकडून हेवा वाटला. मग फोन लाविला आणि म्हणाल्या, "पंत, हा शेवट मला जन्मात सुचला नसता." पंत म्हणाले, "मलाही नाही सुचला, बाई. ते बोलले होते."

तात्पर्य इतकेच की दौलत अद्याप नांदते आहे, दरबार गुरुवारी भरतो, आणि चौघेही लिहितात, कोणी थोडे, कोणी फार. ज्याने जैसे सांगितले तैसे उतरिले. न्यून आहे ते लिहिणाराचे. मर्यादेयं लेखनसीमा.