दौलतरावांची विकाऊ गाडी

गुडीहत्नूरच्या हमरस्त्यालगत 'विकणे आहे' अशी पाटी लावून उभी असलेली जुनी लाल इटालियन स्पोर्ट्स गाडी, गिऱ्हाइके येऊनही, का विकली जात नाही? शेजारी या नात्याने हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर क्रमाने द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

गाडीचे मालक दौलतराव पूर्वी कापसाचा ट्रक चालवीत. हैदराबादेत माल उतरवून रिकामे परतताना, एका बंगल्याच्या अंगणात गंजत पडलेली ही गाडी त्यांनी भंगारात घेतली आणि स्वतः खपून चालती केली. गाडी बुटकी, आसने दोनच, स्टीअरिंग परदेशी पद्धतीने डावीकडे.

दौलतरावांना सौद्याची एकच रीत ठाऊक आहे, ती बैलबाजाराची. गिऱ्हाईक आले की ते उपरण्याखाली त्याचा हात धरतात आणि बोटे दाबून भाव सांगतात. नागपूरचे एक डॉक्टर हात सोडवून जे गेले, ते परत आले नाहीत. शिवाय जनावर विकले तरी त्याच्या गळ्यातले दावे धनी घरी ठेवतो; नवे दावे घेणाऱ्याने आणायचे. त्या न्यायाने दौलतराव गाडी देतात, किल्ली देत नाहीत.

"चाबी के बिना गाड़ी का क्या करूँ, काका?" असे एकाने काकुळतीने विचारले. दौलतराव माझ्याकडे वळून म्हणाले, "यानं कधी बैल इकत घेतला नाही, सर."

गेल्या हिवाळ्यात मात्र हैदराबादचे एक शौकीन गृहस्थ आले. त्यांनी उपरण्याखाली निमूटपणे बोटे दाबून घेतली आणि कुलूपच नवे बसवू म्हणाले. दौलतरावांचे गुडघे आता त्या बुटक्या गाडीत नीट वाकत नाहीत. मंचेरियलला दिलेली त्यांची मुलगी तर रोज फोनवर 'इका' म्हणून बजावते. सौदा ठरला, नारळ फुटला. गृहस्थ हौसेने आधी चालकाशेजारच्या, उजव्या आसनावर बसले. गुडघे पुढे टेकले, म्हणून त्यांनी आसनाखालच्या दांडीला हात घातला.

"सीट मागं नका सरकवू, साहेब," दौलतराव म्हणाले. "सौदा मोडला."

विसार परत करून, चहा पाजून त्यांनी पाहुण्यांना वाटेला लावले. काऊन मोडला, म्हणून मी कारण विचारले.

"डावीकडं बसून मले ट्रकच्या पल्याडचा रस्ता दिसत नाही, सर. माही बायको बुटकी होती, या बाजूला सीट पुढं घेऊन बसायची. डोकावून म्हनायची, 'रस्ता खाली हाये, काढा.' मंगच मी ट्रकच्या पुढं काढायचो."

पत्नी वारल्यापासून दौलतराव पुढच्या इचोडा गावापर्यंत कापसाच्या ट्रॅक्टरमागूनच जातात. मी वर्गात त्यांचे उदाहरण आदर्श चालक म्हणून देत आलो आहे.

पाटी अजून आहे. मुलीला फोनवर 'इकायला लावली हाये' असे खरे सांगता यावे म्हणून. ज्यांना हे उत्तर पटत नसेल, त्यांनी एकदा येऊन उजव्या आसनावर बसून पाहावे. गुडघे टेकतील. तरी आसन आहे तिथेच राहू द्यावे, ही विनंती.